गिरणीच्या वायंडिंग खात्यात काम केलेल्या आजीची नोंद कोठे शोधावी?

पोटमाळा

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, १९४४ च्या सुमारास परळमधील एका कापड गिरणीत वायंडिंग, म्हणजे सूत गुंडाळण्याच्या, खात्यात लागली आणि १९६७ मध्ये हिशेब घेऊन घरी बसली. आजोबा त्याच गिरणीच्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात होते. दोघेही आता हयात नाहीत. आजोबांच्या नोकरीचे कागद आमच्याकडे पिशवीभर आहेत: सेवेचा दाखला, ग्रॅच्युइटीचा हिशेब, युनियनच्या वर्गणीच्या पावत्या, एवढेच काय, खात्यातल्या सत्यनारायणाच्या पूजेला सगळ्यांनी मिळून काढलेला फोटोसुद्धा आहे. आजीने तेवीस वर्षे नोकरी केली, पण तिच्या नावाची पिशवी नाही.

गेल्या दिवाळीत लालबागची खोली रिकामी करताना पोटमाळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत तिच्या तीन वस्तू सापडल्या. सूत कापण्याची बोटभर लांबीची कात्री, कामगार विम्याचे म्हणजे ईएसआयचे कार्ड, आणि ऑगस्ट १९५८ चे हजेरीचे तिकीट. तिकीट पुठ्ठ्याचे आहे, चार घड्या पडलेले, कडा तेलाने काळ्या झालेल्या. वर खात्याचे नाव इंग्रजीत, त्याखाली शाईने घातलेला नंबर, आणि नावाच्या जागी तिचे पहिले नाव व आजोबांचे नाव, एवढेच. आडनाव नाही. तारखांच्या चौकटींपैकी बहुतेकांवर शिक्का आहे, पण मधल्या अकरा चौकटी कोऱ्या आहेत. विम्याच्या कार्डावर तिचे पहिले नावही वेगळ्या रीतीने लिहिले आहे. कृष्णाबाईचे किसनाबाई व्हावे तसे. माहेरी तिला तिसऱ्याच नावाने हाक मारीत असत.

मला हे घरासाठी नको आहे, हे आधीच स्पष्ट करतो, कारण दोन ठिकाणी चौकशी केली तेव्हा समोरच्या माणसाने पहिला प्रश्न घरांच्या सोडतीचाच विचारला. गिरणी कामगारांच्या घरांसाठी १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर कामावर असण्याची अट आहे आणि आजी त्याच्या पंधरा वर्षे आधीच बाहेर पडली होती. मला केवळ ती काय काम करीत होती, तिला किती पगार मिळत होता, तिने काम का सोडले, एवढे कळून घ्यायचे आहे. एका कचेरीत मला "बायकांचे वेगळे रेकॉर्ड नसते" असे सांगून परत पाठवण्यात आले. ते खरे असेल, पण बायकांचे रेकॉर्ड वेगळे कशाला असायला हवे, हे मला समजले नाही.

अशा नोंदी मुंबईत नेमक्या कोठे मिळू शकतात आणि नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले असताना शोध कशावरून घ्यावा, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

दप्तरखाना

मी सरकारी दप्तराच्या कामात आयुष्य घालवले आहे, त्यामुळे आधी निराशेची गोष्ट सांगतो. गिरणीचे मस्टर, म्हणजे हजेरीपुस्तक, ही मालकाची खाजगी वस्तू होती. ती सरकारकडे जमा होण्याचे कारणच नव्हते, म्हणून काळा घोड्याला एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतील राज्याच्या अभिलेखागारात जाऊन आपण आजींचे नाव शोधू लागलात तर महिनाभर बसूनही ते सापडणार नाही. तेथे गृह खात्याच्या विशेष शाखेच्या फायलींत संपांचे पोलिसी वृत्तान्त आहेत, आणि त्यांत स्त्रिया दिसतात त्या बहुधा मोर्चात, फाटकावर किंवा अटक झालेल्यांत. रोज सकाळी भोंग्याला आत गेलेली आणि संध्याकाळी परत आलेली स्त्री त्या फायलींत येण्याचा प्रश्नच नव्हता.

मात्र आपण विचारलेल्या तीन गोष्टींपैकी काम आणि पगार या दोहोंचे उत्तर छापील सरकारी साहित्यात चांगल्यापैकी मिळते. मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिस स्थापन केले आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून 'लेबर गॅझेट' हे मासिक सुरू केले. त्यात गिरण्यांच्या वेतनाच्या पाहण्यांचे तक्ते येत असत आणि त्यांत खातेनिहाय, कामानिहाय, स्त्री व पुरुष असे वेगळे रकाने असत. वायंडिंग आणि रीलिंग ही दोन खाती त्यात शोधावीत, कारण गिरणीतील बहुसंख्य स्त्रिया याच दोन खात्यांत होत्या. सूत कातण्याच्या रिंग खात्यातून आलेले बॉबिनवरचे सूत पुढच्या कामासाठी मोठ्या कोनावर किंवा रिळावर घेणे, तुटलेला धागा शोधून गाठ मारणे, हे वायंडिंगचे काम, आणि हातमागवाल्यांना विकण्यासाठी सुताच्या लड्या करणे हे रीलिंगचे. दोन्ही कामे उक्ती होती. सुताचा नंबर आणि उतरलेले वजन यांवर पैसे मिळत. त्यामुळे आजींचा पगार आपल्याला कदाचित कधीच सापडणार नाही, पण ज्या दराने तो काढला जात असे तो दर सापडेल.

मध्यशतकासाठी यापेक्षाही उपयोगी म्हणजे १९३७ ते १९४० या काळात काम केलेल्या कापड कामगार चौकशी समितीचे अहवाल, १९४४ मध्ये नेमलेल्या रेगे समितीचे १९४६ च्या सुमारास निघालेले अहवाल, आणि १९४७ मध्ये औद्योगिक न्यायालयाने दिलेला वेतनाच्या प्रमाणीकरणाचा निवाडा. या निवाड्याने मुंबईच्या गिरण्यांत २६ दिवसांच्या महिन्याला ३० रुपये किमान मूळ वेतन ठरले आणि प्रत्येक कामाचा दर सगळ्या गिरण्यांसाठी एकसारखा बांधला गेला. त्याआधी रस्त्याच्या दोन बाजूंच्या गिरण्यांत एकाच कामाचे दर वेगळे असत. आपली आजी १९४४ ला लागली म्हणजे तिने दोन्ही पद्धती पाहिल्या. महागाई भत्ता वेगळा. तो त्या काळात मूळ पगारापेक्षा जास्त होता, हे तक्ते वाचताना विसरू नये.

स्त्रियांविषयी सरकारला कागद करावे लागले ते मुख्यतः बाळंतपणाच्या निमित्ताने. १९२२ च्या लेबर गॅझेटमध्ये एका महिला डॉक्टरांचा गिरणीतील बाळंतिणींविषयीचा अहवाल आहे, त्यात मूल झोपून राहावे म्हणून अफूची बाळगोळी देण्याच्या चालीचे वर्णन येते. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याने प्रसूतिलाभाचा कायदा केला, तो देशातील पहिलाच. त्या कायद्याखाली किती स्त्रियांना पैसे मिळाले याचे वार्षिक आकडे सरकारकडे जात. १९२९ साली नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल दिलेल्या, कामगारांविषयीच्या रॉयल कमिशनच्या मुंबईच्या साक्षींतही खोल्या-खोल्यांतून फिरलेल्या महिला तपासनीसांचे म्हणणे आहे. आपल्या आजींच्या आधीची पिढी ती, पण खोल्या, दर आणि नायकिणी (बायकांच्या खात्यावरच्या मुकादमिणी) त्याच होत्या.

आजींनी काम का सोडले, याचे उत्तर माझ्या मते कायद्यात आहे. स्त्रियांना रात्री कामावर ठेवण्यास बंदी होती. १९४८ च्या कारखाने कायद्यात सकाळी ६ ते संध्याकाळी ७ ही मर्यादा होती. गिरण्या तीन पाळ्यांत चालू लागल्यावर स्त्रिया मालकाला अडचणीच्या वाटू लागल्या. लेबर गॅझेटचे जुने अंक पाहायला गेलात तर पाने दोन्ही हातांनी उलटा. कागद बिस्किटासारखा मोडतो.

टाइमऑफिस

मी एका गिरणीच्या टाइम ऑफिसमध्ये १९६९ पासून १९८२ च्या संपापर्यंत होतो. तुमची गिरणी आमची नव्हे, पण पद्धत थोड्या फरकाने सगळीकडे तीच होती, म्हणून लिहितो.

नावावरून शोधू नका. आम्हीच नावावरून शोधत नसू. मस्टर खात्याप्रमाणे असे आणि खात्यात नंबराप्रमाणे, म्हणजे तिकिटावरचा तो शाईचा नंबर हीच कामगाराची खरी ओळख होती. वायंडिंगमध्ये एकाच पानावर चार लक्ष्मी आणि तीन पार्वती असायच्या, त्यामुळे पगाराच्या खिडकीवर नाव पुकारले तर चौघी पुढे येत. नंबर पुकारला की एकच येई. नाव लिहिणारा कारकून बहुधा कोकणी किंवा घाटी उच्चाराला सरावलेला नसे आणि बाई स्वतःचे नाव सांगताना लाजत असे किंवा पदराआड सांगत असे. पुढे कधी विम्याचा फॉर्म भरताना दुसऱ्या कारकुनाने पुन्हा विचारून लिहिले की दुसरे नाव तयार. आडनाव घेण्याची पद्धत बायकांच्या बाबतीत फार उशिरा आली. त्या तिकिटावरचा नंबर आणि विम्याच्या कार्डावरचा विमा क्रमांक हे दोन आकडे आधी एका वहीत उतरवून घ्या.

आता कागद कोणते होते ते सांगतो. मस्टर आणि पगारपत्रक ही मोठी पुस्तके, ती गिरणीतच राहत. कामगाराच्या हातात जात ते चार: रोजचे तिकीट, रजेचे पुस्तक, विम्याचे कार्ड आणि फंडाची, म्हणजे भविष्यनिर्वाह निधीची, वार्षिक चिठ्ठी. रजेचे पुस्तक जर कोठे सापडले तर त्याला सोने समजा, कारण कारखाने कायद्याप्रमाणे त्यात वर्षभरात प्रत्यक्ष किती दिवस काम झाले हे लिहावेच लागे. वर्षात २४० दिवस भरले तर पुढच्या वर्षी दर वीस दिवसांमागे एक दिवस पगारी रजा मिळायची. बदलीवर, म्हणजे कायम कामगाराच्या गैरहजेरीत त्याच्या जागी, असलेल्या बाईचे २४० भरत नसत. एखादीचे २३० भरून वर्ष संपायचे आणि ती खिडकीशी उभी राहून आम्हाला पुन्हा मोजायला लावायची. मोजणे बरोबरच असायचे, त्याने तिचे समाधान होत नसे.

बदलीचे सांगायलाच हवे. १९३५ पासून मुंबईच्या गिरण्यांत बदली कार्डाची पद्धत आली, त्याआधी सगळा कारभार जॉबरच्या म्हणजे मुकादमाच्या आणि बायकांच्या खात्यात नायकिणीच्या हातात होता. कोणाला आज काम द्यायचे हे नायकीण ठरवी, त्याबद्दल दस्तुरी म्हणजे दलाली घेई. कार्ड आले तरी नायकीण गेली नाही. आजी १९४४ ला लागल्या म्हणजे त्यांना लावणारी नायकीण कोण होती, हे घरातल्या म्हाताऱ्या माणसांना माहीत असण्याची शक्यता आहे. बहुधा ती गावची किंवा नात्यातली निघेल.

त्या अकरा कोऱ्या चौकटींबद्दल एक प्रश्न. त्या सलग आहेत की मधूनमधून? मधूनमधून कोऱ्या असतील तर बदलीवर काम मिळाले नाही असा अर्थ होतो. सलग असतील तर गोष्ट वेगळी. कायम कामगार गैरहजर असेल तर आमच्याकडे त्या चौकटीत तशी खूण करीत असू, रजेवर असेल तर रजेची. सलग कोऱ्या राहिल्या म्हणजे तिकीट त्या दिवसांत ऑफिसात आलेच नाही, बाईपाशीच राहिले.

मोठ्या पुस्तकांचे काय झाले ते विचारू नका. आमची गिरणी बंद झाल्यावर दोन वर्षांनी मी आत गेलो होतो. टाइम ऑफिसचे छप्पर गळत होते आणि १९५० पूर्वीची मस्टरे एकाला एक चिकटून विटेसारखी झाली होती. पुढे ती रद्दीत गेली असे ऐकले. ज्या गिरण्या सरकारकडे गेल्या त्यांची पुस्तके निदान हलवली तरी गेली.

खानावळीचा नातू

विषय थोडा बाजूला नेतो आहे, पण फार नाही. पोटमाळा यांच्या आजीचे एक तिकीट तरी आहे. माझ्या आजीने करी रोडला एका खोलीत सव्वीस वर्षे खानावळ चालवली. सकाळपाळीचे, दुपारपाळीचे आणि रातपाळीचे मिळून वीस-बावीस गडी तिच्याकडे जेवायला होते, सगळे साताऱ्याकडचे, बायकामुले गावी ठेवून आलेले. ती पहाटे तीनला उठायची. पगार झाला की गडी महिन्याचे पैसे द्यायचे आणि संप झाला की द्यायचे नाहीत, तरी ती जेवण बंद करीत नसे, कारण संप संपल्यावर तेच गडी परत येणार होते. किराणा दुकानदाराकडची तिची उधारी माझ्या वडिलांनी १९८५ पर्यंत फेडली.

या कामाची एकही सरकारी नोंद नाही. १९५१ च्या जनगणनेत माणसांची विभागणी स्वावलंबी, कमावते अवलंबित आणि न कमावते अवलंबित अशी होती. खोलीच्या दारात उभा राहून गणकाने आजोबांना विचारले असणार आणि आजोबांनी काय सांगितले असणार, हे मी आजोबांना ओळखत असल्यामुळे सांगू शकतो. तो कागदही आता कोणाला पाहता येत नाही, कारण जनगणनेच्या वैयक्तिक नोंदी कायद्याने गोपनीय आहेत. या बायकांची संघटना होण्यासाठी १९७५ उजाडावे लागले, तेव्हा प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले आणि बँकेच्या कर्जाच्या अर्जावर प्रथमच या बायकांचा व्यवसाय लिहिला गेला. माझी आजी तोवर थकली होती.

माझ्याकडे पुरावा म्हणाल तर एक वही आहे. आजीला लिहिता येत नव्हते, म्हणून प्रत्येक गड्यापुढे ती रोज एक उभी रेघ मारून घ्यायची आणि खाडा असेल तर शून्य. रेघा माझ्या आत्याने मारल्या आहेत. दप्तरखाना यांना विचारतो, अशी वही कोणी जमा करून घेते का?

दप्तरखाना

सरकारी अभिलेखागार बहुधा घेणार नाही, पण वही कोणालाही देण्याआधी तिचे प्रत्येक पान उजेडात, सपाट ठेवून छायाचित्रित करा. त्यात संपाचे महिने ओळखता येतील. खाडे एकदम कमी किंवा एकदम जास्त झालेले दिसले तर तारीख नसली तरी काळ लावता येतो.

वाळकेश्वर ते विक्रोळी

मी स्त्रियांच्या श्रमांच्या इतिहासावर काम करते. वहीसाठी आधी दहिसरच्या स्पॅरो या संस्थेशी संपर्क साधावा असे सुचवते. सी. एस. लक्ष्मी, नीरा देसाई आणि मैत्रेयी कृष्णराज यांनी १९८८ मध्ये ती स्थापन केली, आणि स्त्रियांच्या आयुष्याचे ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, कागद जमवणे हेच तिचे काम आहे. एसएनडीटी विद्यापीठाच्या जुहूच्या आवारातील स्त्रीअभ्यास संशोधन केंद्र त्याहून जुने, १९७४ चे. त्याचे ग्रंथालयही पाहावे.

दप्तरखाना यांच्या उत्तराचा मला फार उपयोग झाला, पण आजींनी काम का सोडले याचे कारण त्यांनी एका कायद्यावर टाकले आहे, ते मला पटत नाही. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत साधारण पाचातली एक स्त्री होती आणि १९८२ च्या संपाच्या वेळी शंभरात मोजक्याच उरल्या होत्या. रात्रपाळीची बंदी या सगळ्या काळात होती, मग घसरण वेगवेगळ्या दशकांत वेगवेगळ्या वेगाने का झाली? रीलिंग आधी आटले, कारण गिरण्या आपले सूत स्वतःच विणू लागल्या आणि हातमागासाठी लड्यांची मागणी कमी झाली. वायंडिंगमध्ये वेगाने फिरणारी नवी यंत्रे आली, त्यांवर कमी माणसांत तेवढेच सूत निघे, आणि महागडे यंत्र रात्री बंद ठेवणे मालकाला परवडेना. त्या क्षणी मात्र बंदीचा कायदा हाताशी आला. त्यात प्रसूतिलाभ, आणि पन्नासाहून अधिक स्त्रिया असतील तर पाळणाघर, हे खर्च होते. कामगार संघटनांनी यंत्रांविरुद्ध लढे दिले, पण वाटाघाटीत 'घरातला कर्ता पुरुष' आधी वाचवायचा हे मालकाइतकेच पुढाऱ्यांनाही मान्य होते. हे शेवटचे वाक्य वाचून कोणी रागावेल, तरी ते मी विचारपूर्वक लिहिले आहे.

उषाताई डांगे आणि पार्वतीबाई भोर यांच्या आठवणी मराठीत आहेत, त्या वाचाव्यात, मात्र त्या पुढारी स्त्रियांच्या आहेत हे लक्षात ठेवून. दोघींनीही खात्याच्या आत काय चालत असे याचे जे तपशील दिले आहेत ते सरकारी अहवालात मिळत नाहीत. दिल्लीला आयटक या कामगार महासंघाचे आणि कामगार पुढारी ना. म. जोशी यांचे कागद तीन मूर्तीच्या ग्रंथालयात आहेत, आणि नोएडाच्या व्ही. व्ही. गिरी राष्ट्रीय श्रम संस्थेने कामगार इतिहासाची बरीच कागदपत्रे घरबसल्या पाहता येतील अशी ठेवली आहेत. मुंबई न सोडता नायगावला मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाच्या संदर्भ विभागात जुनी मराठी वृत्तपत्रे पाहता येतील.

पण पोटमाळा, तुम्ही या सगळ्यांच्या आधी एक काम करा. ईएसआयची योजना मुंबईत १९५४ मध्ये आली आणि तिच्यात बारा आठवड्यांचा प्रसूतिलाभ होता. घरात १९५४ नंतर जन्मलेले कोणी असेल तर त्यांच्या जन्मतारखेच्या आसपासचे कागद शोधा, कारण त्या वेळी आजींच्या नावाने अर्ज झालेला असणार. फंडाचा कायदा १९५२ चा, आणि त्यात प्रत्येक सभासदाला वारस नेमण्याचा फॉर्म भरावा लागे. हे कागद पत्र्याच्या पेटीत मिळाले नाहीत म्हणजे नाहीत असे होत नाही. तुमच्या लिहिण्यात वडील आहेत, आजोबा आहेत. आजींना मुली नव्हत्या का? आईचे कागद बहुतेक वेळा मुलींकडे जातात.

पोटमाळा

उत्तर द्यायला सहा आठवडे लागले, त्याबद्दल क्षमस्व. सर्वांचे मनापासून आभार.

टाइमऑफिस यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. अकरा चौकटी सलग आहेत, ७ ऑगस्टपासून १७ ऑगस्टपर्यंत.

मुलींविषयी विचारले ते बरे झाले. मला दोन आत्या. धाकटीचा जन्म १९५५ चा. ती पनवेलला असते आणि मी तिला या विषयावर एकदाही विचारले नव्हते, कारण कागद म्हटले की आमच्या घरात वडिलांना विचारायचे अशी पद्धत आहे. मी तिला तिकिटाचा फोटो दाखवला. तिने तो बराच वेळ हातात धरला आणि आत जाऊन साडीच्या खोक्यातून एक प्लास्टिकची पिशवी आणली. म्हणजे पिशवी होती.

पिशवीत रजेची दोन पुस्तके आहेत, १९५६ आणि १९५७ ची. दोन्ही वर्षी दिवस २४० च्या वर भरले आहेत, म्हणजे ती तोवर कायम झाली होती. १९५५ च्या प्रसूतिलाभाची चिठ्ठी आहे, बारा आठवड्यांची, आत्याच्याच जन्माची. आत्या ती चिठ्ठी 'माझा पहिला पगार' म्हणून दाखवते. आणि फंडाचा वारसाचा फॉर्म आहे, सप्टेंबर १९५८ चा. त्यात वारस म्हणून दोन्ही आत्यांची नावे आहेत, वाटा निम्मा-निम्मा. आजोबांचे नाव नाही आणि माझ्या वडिलांचेही नाही. फॉर्मला टाचणीने एक टंकलिखित अर्ज जोडलेला आहे, इंग्रजीत, दोन ओळींचा. सभासद आपल्या पतीस आपल्या कुटुंबातून वगळू इच्छिते, असा. खाली आजीची सही. अक्षरे सुटी सुटी आहेत, वरची रेघ फक्त शेवटच्या दोन अक्षरांवर आहे. आजीला सही करता येत होती हे मला माहीत नव्हते. खोलीच्या कागदांवर तिचा अंगठा आहे.

त्या अकरा दिवसांबद्दल आत्याने एवढेच सांगितले की आई दोघींना घेऊन गावी गेली होती आणि परत आली ती नागपंचमीच्या आधीच्या कोणत्यातरी रविवारी. मी पुढे विचारले तेव्हा ती चहा टाकायला उठली. घरी येऊन वडिलांना सांगितले, ते म्हणाले, "जाऊ दे." कागद पाहू दिले, पण आत्याने फोटो काढू दिला नाही. मी नंबर हाताने उतरवून आणला आहे. तिकिटावरचा आणि फॉर्मवरचा एकच आहे.

टाइमऑफिस यांना विचारतो, हा जोडलेला अर्ज म्हणजे काय? मुलींना वारस नेमायचे तर असा अर्ज करावाच लागे का?

टाइमऑफिस

फंडाच्या योजनेत कुटुंबाची व्याख्या दिली आहे, त्यात स्त्री सभासदाच्या कुटुंबात नवरा, मुले आणि नवऱ्याचे अवलंबून असलेले आईवडील येतात. मात्र स्त्री सभासदाने आयुक्तांना लेखी कळवले तर नवरा आणि त्याचे आईवडील त्या व्याख्येतून बाहेर पडतात. कलम छापील होते, पण माझ्या नोकरीत असा अर्ज माझ्या हातून एकदाच गेला. बाईला हे कलम कोणीतरी समजावून सांगितले असणार. युनियनच्या ऑफिसात किंवा खात्यातल्या एखाद्या शिकलेल्या बाईने सांगितले असेल.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर, नाही. मुली कुटुंबातच धरल्या जातात, त्यामुळे फॉर्मवर त्यांची नावे आणि वाटा लिहिला की काम झाले असते. नेमणूक असताना नवऱ्याला त्यातला पैसाही मिळाला नसता. जोडअर्जाची गरज नव्हती. तो त्यांनी मुद्दाम टंकून घेतला आहे, आणि १९५८ मध्ये परळला इंग्रजी अर्ज टंकून घ्यायला पैसे पडत.